तांदळाच्या डब्यातला आवाज

सरळच सांगतो, उगाच आडपडदा कशाला. म्हातारपणी माझ्या बायकोला माझ्यापेक्षा दुसराच कोणीतरी आवडायला लागला होता. तो रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, चटणीच्या डब्याला टेकून उभा असायचा आणि ती भाकरी थापता थापता त्याचं ऐकत असायची. तो म्हणजे तिचा मोबाईल. त्यातून जो आवाज यायचा तो माझा होता. माझाच, पण घसा जायच्या आधीचा.

हे असं कसं झालं ते सांगितल्याशिवाय माझा जळफळाट तुम्हाला कळायचा नाही.

कोल्हापुरात एका शाळेत मी मुलांची कवायत घ्यायचो, पण ते झालं पोटापाण्याचं. लोक मला ओळखायचे ते कुस्त्यांच्या मैदानामुळं. आमच्याकडं जत्रा म्हटली की कुस्त्या आल्या, आणि कुस्त्या म्हटल्या की माईक धरून बोलणारा एक माणूस लागतो. लाल मातीत उतरलेला पैलवान कोण, कुठल्या गावचा, कुठल्या वस्तादाचा पठ्ठा, आत्ता त्यानं कुठला डाव टाकला, हे सगळं तो गर्दीला सांगतो. तो माणूस मी. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीपासून खाली गडहिंग्लज-नेसरीपर्यंत माझा आवाज फिरला. हलगी वाजायची, मी 'नमस्कार मंडळी' म्हणायचो आणि झाडावर बसलेली माणसंसुद्धा शिट्ट्या मारायची. बढाई मारत नाही, विचारा कुणालाही.

मग घशात गाठ निघाली. गाठ साधीच होती, पण अशा जागी होती की ती काढली तर आवाज वाचणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जीव राहिला, आवाज गेला. उरला तो नुसता वारा, फाटक्या भात्यातनं येतो तसा. समोरच्यानं कान तोंडाशी आणला तर काहीतरी कळणार, नाहीतर नाही. पहिल्यांदा भाजीवालीकडं गेलो तर ती हातवारे करून मोठमोठ्यानं माझ्याशी बोलायला लागली. अगं बाई, माझा घसा गेलाय, कान नव्हे! पण हे तिला सांगणार कशानं? त्या दिवसापासून मी बोलणंच सोडलं. बाहेरही आणि घरातही.

आमची लेक पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं गावोगावच्या लोकांकडून माझ्या मैदानांचे व्हिडिओ गोळा केले, ते त्या एआयला ऐकवले, आणि एका रविवारी घरी येऊन माझ्यासमोर फोन धरला. म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं टाईप करायचं. फोन तुमच्या आवाजात बोलणार."

फोन बोलला, "नमस्कार मंडळी!"

अंगावर काटा आला. बायको पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली आणि फोनकडं बघतच राहिली. माझ्याकडं नाही, फोनकडं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी इथं खुर्चीत जिवंत बसलोय, आणि मीच तिकडनं बोलालोय, आणि माझी बायको तिकडच्याला बघून रडालीया! मी हात उडवला आणि आत निघून गेलो. लेकीला वाटलं, पप्पांना भरून आलं.

मी त्या फोनला हात लावला नाही. पण बायकोनं लावला. लेकीनं तिला शिकवलं की सकाळी बटण दाबलं की आजचा पेपर तो वाचून दाखवतो. मग काय विचारता! सोन्याचा भाव, राशिभविष्य, कोण वारलं, कुठं पाणी येणार नाही, सगळं माझ्या आवाजात. ती भाकरी थापायची, मध्येच "अगं बाई!" म्हणायची, "खरं काय?" म्हणून विचारायची. तो काही उत्तर द्यायचा नाही, पुढची बातमी वाचायचा. तिला त्याचंही काही वाटायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत हातात खराखुरा पेपर धरून बसलेलो असायचो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असायचो.

आणि ती गोळी! बायकोला रक्तदाबाची गोळी आहे. लेकीनं फोनला तीही शिकवण दिली. नाश्त्याची वेळ झाली की माझा आवाज स्वयंपाकघरात म्हणायचा, "अगं, गोळी घेतलीस का?"

"घेतो, घेतो," ती म्हणायची. आमच्याकडं बायकाही 'घेतो-जातो'च म्हणतात. ती लगबगीनं डबी काढायची, गोळी तोंडात टाकायची, वर भांडंभर पाणी. मी इतक्या वर्षांत तिला असं कधी विचारलं नव्हतं. म्हणजे आठवण असायची, पण विचारलं नव्हतं. आता तो रोज विचारतो आणि वर कौतुक त्याचं. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "किती काळजीनं इचारतोय बघा." काळजीनं म्हणे! त्याला काळजी कुठली? त्याला गोळी आणि गोट्या यातला फरक ठाऊक नाही. तो ना थकतो, ना त्याला ठसका लागतो, ना आवंढा गिळावा लागतो. असं असताना गोड बोलायला काय जातंय? माझ्यासारखं घसा सोलवटलेला असताना एक शब्द काढून दाखवावा म्हणावं.

एकदा मी फोन लपवला. हसू नका. ती देवळात गेलती तेव्हा उचलला आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात आत खुपसून ठेवला. ती आली, शोधशोध केली, मला विचारलं. मी मान हलवली, मला काय माहीत. वेळ झाली आणि डब्यातनं घुमल्यासारखा आवाज आला, "अगं, गोळी घेतलीस का?"

ती जागीच थबकली. डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला, तांदूळ सांडत फोन बाहेर काढला आणि माझ्याकडं बघून अशी हसली, अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अहो, तुम्ही बी खुळंच की!" म्हणाली. पदरानं फोन पुसला. बाहेरच्या भिंतीपलीकडं शेजारीण विचारते, काय झालं हो एवढं हसायला? ही ओरडून सांगते, "आमचं मालक तांदळात सापडलं!" मी चप्पल घातली आणि तडक रंकाळ्याला गेलो. तळ्याला एक चक्कर मारली तरी कानशिलं गरम होती.

पेपरात हल्ली रोज येतं की एआय आलं, आता माणसाचं काय होणार. मोठमोठी माणसं लिहितात. माझा प्रश्न बारका होता. जो बोलतो तो मी की जो बोलू शकत नाही तो मी? तो तर माझ्या चांगल्या दिवसातलं सगळं घेऊन बसला होता. मला काय ठेवलं, तर पथ्य आणि मफलर.

त्यातच नेसरीकडच्या एका गावातनं जत्रा कमिटीचा फोन आला. फोन बायकोनं घेतला, कारण माझं तिकडं कुणाला ऐकू जाणार? तिनं स्पीकर लावला. पलीकडचा म्हणाला, "मामी, ऐकलं की सरांचा आवाज कॉम्प्युटरात भरलाय. औंदा मैदानाला तो आवाज पायजे आमाला. आणि सरास्नी घेऊन या की. बसायला."

ऐकलंत? आवाज बोलायला आणि मी बसायला. मी हातानं नको म्हणून खूण केली. तोवर बायकोनं "येतो की पावणं!" म्हणून सांगूनही टाकलं होतं. वर म्हणाली, "मी पण येतो ह्या खेपंला."

ही गोष्ट मोठी होती. आमच्या काळात कुस्तीच्या मैदानात बाया यायच्या नाहीत. तशी पद्धतच नव्हती. जत्रेला आल्या तरी देवाला नारळ फोडायच्या, पाळण्यात पोरं बसवायच्या आणि परत. आता पोरीही कुस्ती खेळतात, त्यामुळं मैदानात एका बाजूला बायकांना बसायची सोय असते. माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा मैदानात येणार होती, आणि तीसुद्धा माझं ऐकायला नव्हे. त्याचं ऐकायला.

लेक पुण्याहून गाडी घेऊन आली. मैदानात स्टेजवर ती लॅपटॉप घेऊन बसली. कमिटीची माणसं तिच्या कानात कुस्तीची जोड, कोण कुणाशी लढणार ते सांगायची, ती टाईप करायची, आणि भोंग्यातनं मी बोलायचो. मला स्टेजखाली पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, गळ्यात हार, डोक्याला फेटा. बायको पलीकडं बायकांच्यात.

"नमस्कार मंडळी!"

शिट्ट्या, टाळ्या, हलगीचा कडकडाट. सगळं पूर्वीसारखं. मी मात्र खुर्चीत हातांच्या मुठी आवळून बसलो होतो. टाळी पडायची आणि मला वाटायचं, ही माझी, चोरली. पुढची पडायची, ही पण माझी.

जुने एक वस्ताद माझ्या ओळखीचे. नजर अधू झालीय आता. काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आले, चेहऱ्याजवळ चेहरा आणून बघितलं. "अरं, तू हितं? मग वर कोण वराडालंय?"

मी गळ्याला हात लावून, लॅपटॉपकडं बोट करून समजावायला गेलो. त्यांना काय दिसतंय? माझा खांदा थोपटून म्हणाले, "पर आवाज झ्याक झालाय हां तुझा! पयल्यापेक्षा बरा." आणि खूश होऊन निघून गेले.

शेवटची कुस्ती लागली. एक पोरगेला पैलवान, उसळता, आणि समोर एक वय झालेला. त्या दुसऱ्याला मी ओळखत होतो. त्याची पहिली कुस्ती मीच पुकारली होती. आता कानाशी केस पांढरे झाले होते. बराच वेळ खडाखडी झाली, एकमेकांची ताकद अजमावून झाली, मग त्या पोरानं घिस्सा डाव मारला आणि म्हातारा चितपट. पाठ मातीला लागली. गर्दी आत घुसली, पोराला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. भोंग्यातनं माझा आवाज जिंकलेल्याचं नाव, गाव, वस्ताद गर्जून सांगायला लागला. पुन्हा पुन्हा तेच.

आणि हरलेला अंगाची माती झाडत एकटा बाहेर निघाला.

आता इथं माझी एक रीत होती. जिंकलेल्याला गर्दी उचलतेच, त्याला माझी गरज नसते. मी हरलेल्याला पुकारायचो. त्याचं नाव, त्याचं गाव, त्याच्या वस्तादाचं नाव, मोठ्यानं. 'मंडळी, ह्यो बी वाघ हाय, ह्याला एक टाळी!' तो मैदानाबाहेर पडेपर्यंत मी थांबायचो नाही. खाली मान घालून कुणी माझ्या मैदानातनं गेला नाही. हे त्या मशीनला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. लोक व्हिडिओ काढतात ते जिंकलेल्याला खांद्यावर घेतलं की बंद करतात. पुढचं माझं बोलणं कुणाच्याच मोबाईलमध्ये नव्हतं. लेकीलाही माहीत नव्हतं, तिला तरी कोण सांगणार?

मी उठलो. फेटा घसरला तो खुर्चीवरच टाकला. पायऱ्या चढलो आणि माईक ओढून घेतला.

"मंडळी..."

भोंग्यातनं नुसता खरखराट आला. मी नाव घेतलं, गाव घेतलं. खर्र, फस्स. स्पीकरवाल्याला वाटलं वायर तुटली. तो पळत येऊन माईकची पिन हलवायला लागला. मागनं पोरं ओरडायला लागली, "आवाज! आवाज!" लेक घाबरून माझ्याकडं बघतेय. मी थांबलो नाही. टाळी मागितली. कुणालाच कळलं नाही, टाळी कोण देणार?

पण तो हरलेला स्टेजजवळनंच चालला होता. तो थांबला. वर बघितलं. मातीचा हात छातीला लावला, मान ताठ केली आणि गेला.

मी माईक ठेवला आणि खाली उतरलो. घसा पेटला होता. सगळ्यांदेखत माझी शोभा झाली होती आणि ती बघायला नेमकी ह्याच खेपेला बायको आली होती. लेक आम्हाला सोडून तशीच पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून येतो तर स्वयंपाकघरात, "अगं, गोळी घेतलीस का?"

"घेतो, घेतो." मी दारातनं बघितलं. डबी, गोळी, भांडंभर पाणी. मग तिनं बटण दाबलं आणि तो पेपर वाचायला लागला.

माझा तोल सुटला. काल एवढं होऊनही आज परत हाच? मी आत गेलो आणि फोन बंद करून पालथा आपटला. होता नव्हता तेवढा वारा गोळा करून म्हणालो, "त्यालाच नवरा कर! मला कशाला ठेवलंयस?"

इतरांना यातला एक शब्द कळला नसता. तिला सगळं कळलं. तिनं हातातली भाकरी तव्यात टाकली आणि माझ्याकडं वळली.

"तुमच्या पोटात दुखालंय व्हय? मग आज माझं बी ऐका. तुमचा आवाज मी कधी ऐकलो, सांगा की! जत्रा आल्या की तुम्ही गावोगाव. घरात आलासा की गळ्याला मफलर, बोलायचं न्हाय, आवाज सांभाळायचा. पाणी पायजे, बोट दाखवायचं. भाकरी पायजे, बोट. लेक झाली तवा दवाखान्यात आलासा, मान हलवलासा आणि दुसऱ्या दिवशी मैदान हाय म्हणून गेलासा. साऱ्या जिल्ह्याला ठाव तुमचा आवाज. बाया म्हणायच्या, नशीब काडलीस बाई. मी म्हणायचो, व्हय. काय सांगू त्यास्नी? त्या माझ्यावर जळायच्या आणि मी त्या लाल मातीवर."

तव्यातली भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उलटली, पण बोलायची थांबली नाही.

"ह्यो फोनातला खोटा हाय, ते मला कळतंय. खुळी न्हाय मी. पर तो माझ्यासंगं बोलतोय. माझ्या घरात, माझ्या चुलीम्होरं. आणि काल मैदानात काय झालं? मला वाटलं, आवाज गेला तर गेला, आता तरी ह्यो माणूस माझा. घसा गेल्यापास्नं मला एक शब्द दिला न्हाईसा, हातवारंच. आणि उरलाय तेवढा बी काल तिकडंच दिलासा. त्या हरलेल्याला. मी बघत बसलो बायकांच्यात. त्यो छातीला हात लावून गेला आणि मला वाटलं, त्याच्या जागी मी पडायला पायजे हुतं मातीत."

तिनं पदरानं डोळे पुसले, पालथा फोन सुलटा केला आणि परत चालू केला. तो सोडलं होतं तिथनंच पुढं वाचायला लागला. धरणातलं पाणी की काहीतरी.

मला हेवा वाटला. अजूनही वाटला, लपवत नाही. पण आता तो वेगळ्याच जागी टोचत होता. कोपऱ्यातला पाट ओढून मी ओट्याजवळ बसलो. तिच्या पदराला हात लावला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "थांबा. तेवढी बातमी संपू दे."

मी थांबलो. माझ्याच आवाजात माझ्यासमोर बातमी चालली होती आणि मी माझी पाळी यायची वाट बघत होतो. बातमी संपली. तिनं फोन बंद केला, तव्याखालचा गॅस बंद केला, मिठाचा डबा बाजूला सारून खाली वाकली आणि कान माझ्या तोंडाशी आणला.

"हां. बोला आता."

आता बोलायचं काय? मैदानात कधी शब्द अडला नव्हता. शेवटी निघालं ते एवढंच, फाटकं, अर्धं वाऱ्यावर गेलेलं.

"अगं... गोळी घेतलीस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळापूर्वी तिनं माझ्यादेखत गोळी गिळली होती, आणि मी दारात उभा होतो हे तिलाही माहीत होतं.

"न्हाय की," ती म्हणाली. "बरं झालं, इचारलासा."

आणि भांडं भरून नुसतंच पाणी प्यायली.